म्हैसूर बोलतेय

निम्म्या म्हैसुरानं वनजाचा आवाज ऐकला होता, आणि त्यातल्या बहुतेकांनी तिला कधी पाहिलं नव्हतं. ज्यांनी पाहिलं ते जरा खट्टूच झाले असतील. आवाज ऐकून डोळ्यांपुढे उभी राहायची ती कुणी उंच, रुबाबदार बाई. आणि प्रत्यक्षात वनजा म्हणजे खुर्चीवर बसली की पाय जमिनीला न टेकणारी, सावळी, जाड चष्म्याची मुलगी. टेलिफोन एक्स्चेंजात तिच्या पायाखाली ठेवायला एक लाकडी पाट होता. तो कुणी सरकवला तर मात्र त्या गोड आवाजाला अशी काही धार चढायची की सुपरवायझरही बाहेर चहाला निघून जायचा.

वडील घोडेस्वार पोलिसांत होते. घराणं जुन्या म्हैसूर फौजेतल्या शिलेदारांचं. पणजोबांचे कुणी पणजोबा घोडा दामटत इकडे आले, आणि परत जायचं राहूनच गेलं. घरात मराठी बोलत, पण तिच्यात कानडी इतकी मुरलेली की एक वेगळं काढायला जावं तर दुसरं हाताला लागावं. अशा घरातली मुलगी सत्तरचं दशक संपता संपता एक्स्चेंजात लागली. रात्रपाळीची नोकरी, त्यातून मुलीची जात. त्यांच्या नजरबाद मोहल्ल्यातल्या बायकांनी महिनाभर दुसरा विषय काढला नाही. वडील एवढंच म्हणाले, "घोड्यालाही रात्रपाळी असते की. सुम्ने, गप बसा सगळे."

आताच्या पोरांना ट्रंक कॉल म्हणजे काय हे समजावताना नाकी नऊ येतात. फोनवर बोट ठेवलं की परदेशातला भाचा चहा पिताना दिसतो, त्यांना काय सांगणार! तेव्हा म्हैसूरहून नागपूरला बोलायचं तर आधी कॉल नोंदवायचा आणि मग घरात कुणी मोठ्यानं खोकायचंसुद्धा नाही, अशा तयारीनं वाट बघत बसायचं. वनजा बेंगळूरला हाक मारणार, बेंगळूर हैदराबादला, हैदराबाद नागपूरला. एकीनं दुसरीचा हात धरावा तशी ती ओळ तयार व्हायची, आणि शेवटी वनजा म्हणायची, "बोला." ऑपरेटरांनी लाइनवर एकमेकींना नाव सांगायचं नाही, असा दंडक होता. म्हणून त्या एकमेकींना गावाच्याच नावानं ओळखत. "ऐक गं हैदराबाद, दोन मिनिटं दम धर." "बेंगळूर आज चिडलीय, तिच्या वाटेला जाऊ नका." कुर्नूलला सर्दी झाली की ती बातमी कॉलच्याही आधी म्हैसूरला पोचायची.

नागपूरशी तिची गाठ पडली ती अशीच. हिंदीत काम चाललं होतं, मध्येच लाइन तुटली आणि वनजाच्या तोंडून "अगं बाई" निसटलं.

पलीकडून लगेच, "काय वो, तू मराठी आहेस? म्हैसुरात मराठी माणूस कुठून आलं?"

"आम्ही शिलेदार," वनजा ऐटीत म्हणाली.

"असशील बाई. पण शिलेदारीणबाई, माझा कॉल तेवढा जोडून द्या आता."

त्या दिवसापासून दोघींचं मेतकूट जमलं. लाइन मोकळी झाली की दोघी बोलायच्या. नागपूरच्या बाईचा आवाज जाडसर, ठसक्याचा, आणि हसणं मोठं. तिनं संत्र्याच्या बहाराचा वास असा वर्णन करून सांगितला होता की वनजाला संत्रं सोलतानाही तो आठवायचा. दसऱ्याला दोघींचीही गंमत व्हायची. अख्खं म्हैसूर बन्नीमंटपाच्या मैदानावर मशालींची कवायत बघायला लोटलेलं आणि वनजा एक्स्चेंजात स्विचबोर्डापाशी. नागपुरात त्याच दिवशी दीक्षाभूमीवर लाखो लोक आलेले आणि नागपूरही बोर्डापाशी. "आमच्या इथं मुंगीला जागा नाही," नागपूर सांगायची, "ड्यूटी संपली की तशीच जाणार मी, बाबासाहेबांपुढे डोकं टेकवून मगच घर." मग वनजा स्वतः न पाहिलेली मशालींची कवायत तिला रंगवून सांगायची. दोन गावांचा सगळ्यात मोठा दिवस एकच, आणि दोघी तो कानानंच साजरा करायच्या.

वडील वारले तेव्हा दिवस-कार्य उरकून वनजा कामावर आली. नागपूरला बातमी बेंगळूरकडून आधीच कळली होती. लाइन रिकामी होती. नागपूर काही बोलली नाही, पण लाइन सोडलीही नाही. वनजा रडत होती, आणि पलीकडे नागपूरच्या खोलीतला पंखा खडखडत होता. त्याहून चांगलं सांत्वन पुढे कधी कुणी केलं नाही, असं वनजाला अजून वाटतं.

वेंकोजीराव साळुंके तिच्या आयुष्यात आले तेही त्याच बोर्डावरून. अशोकपुरमच्या रेल्वे वर्कशॉपात ते डब्यांची बाकं, बर्थ, खिडक्या दुरुस्त करायचे. हुबळीच्या काकांची तब्येत बिघडली म्हणून त्यांनी एकदा कॉल लावला. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला. तोवर काका ठणठणीत झाले होते आणि "कशाला उगाच फोन करतोस?" म्हणून ओरडत होते, तरी तिसऱ्या दिवशी कॉल नोंदवलेला होताच. लग्नानंतर जन्मभर ते सगळ्यांना सांगायचे, "मी आवाजाशी लग्न केलं, बायको बरोबर आली." हा विनोद नजरबादेत लहान मुलांनाही पाठ होता. वनजा दरवेळी रागावल्यासारखं करायची आणि दरवेळी तिला बरं वाटायचं.

बोर्ड बंद झाले त्या शेवटच्या आठवड्यात दोघींनी एकमेकींना नावं सांगितली. नागपूरचं नाव जानकी ताकसांडे. दोघींना ते ऐकून इतकं परकं वाटलं की त्यांनी ते तिथंच सोडून दिलं. पुढे दर दिवाळीला पाडव्याच्या सकाळी जानकीचा फोन यायचा. वनजा उचलायची आणि म्हणायची, "म्हैसूर बोलतेय." पलीकडून यायचं, "बोल म्हैसूर!" मग पोरांची लग्नं, गुडघे, सुना, सगळं निघायचं. "प्रतापनगरात पाण्याच्या टाकीमागं निळ्या फाटकाचं घर," जानकी दरवर्षी सांगायची, "कधी येशील तर विचारत बसू नको." दरवर्षी वनजा येते म्हणायची. नोकरी होती, मग लेकीचं, चंदनाचं शिक्षण, मग चंदनाचं लग्न. आपल्याकडे जाणं नेहमी पुढच्याच वर्षी असतं.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात वनजाच्या गळ्यातली गाठ काढली. गाठ आवाजाच्या नसेला धरून बसली होती. नस वाचेलच असं नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, आणि ती वाचली नाही. गाठ साधी निघाली, जिवावरचं टळलं, घरच्यांनी चामुंडी डोंगरावर जाऊन नारळ फोडला. पण वनजाच्या गळ्यातून आता आवाज येत नव्हता, नुसता वारा येत होता. चूल फुंकताना येतो तेवढाच.

भाजीवाली "आँ? आँ?" करत कान पुढे करायची आणि मग वेंकोजीरावांकडे बघायची. "अम्मा काय म्हणतात, स्वामी?" बँकेत तेच, देवळात तेच, नातलगांत तेच. आधी लोक पुढे वाकून ऐकायचे, मग कंटाळले, मग थेट वेंकोजीरावांशीच बोलू लागले. तेही बिचारे तिच्या ओठांकडे बघून तिचं म्हणणं सांगून टाकायचे. बऱ्याचदा बरोबर सांगायचे. जन्मभर लोकांची बोलणी जोडून दिलेल्या बाईचं स्वतःचं बोलणं आता अंगणाच्याही पलीकडे जात नव्हतं. वनजा बोलायची कमी झाली, आणि नंतर नंतर जवळजवळ थांबलीच. "मी आवाजाशी लग्न केलं" हे वेंकोजीराव त्यानंतर कधीही म्हणाले नाहीत. तिला त्यांचं ते न म्हणणं फार लागायचं.

त्या वर्षी पाडव्याला फोन वाजला. पडद्यावर "नागपूर" असं आलं. वेंकोजीराव म्हणाले, "मी घेऊ? मी सांगतो तिला."

वनजानं मानेनंच नको म्हटलं. फोन वाजून वाजून थांबला. थोड्या वेळानं पुन्हा वाजला, पुन्हा थांबला. ती फोनकडे बघत बसून राहिली. तिचं म्हणणं साधं होतं. नागपूरनं मला कधी पाहिलेलं नाही. माझा चेहरा, माझे पिकलेले केस, यातलं काही तिच्याकडे नाही. तिच्याकडे माझा फक्त आवाज आहे. तो नसेल तर मी कोण म्हणून तिच्याशी बोलू?

पुढच्या पाडव्याला ती सकाळपासून फोन उशाशी घेऊन होती. या खेपेस उचलायचा, असं तिनं ठरवलं होतं. फोन वाजलाच नाही. एकतर नागपूर रुसली, नाहीतर नागपूर या जगात नाही. दोन्हींपैकी कुठलंही खरं असलं तरी दोष आपलाच, हे तिच्या मनानं घेतलं.

वेंकोजीराव बोलण्यात कच्चे, पण हातानं काही करायचं म्हटलं की त्यांना कुणी आवरू शकत नसे. शाळेची एक जुनी मिनीबस त्यांनी आणली आणि बन्नीमंटपाजवळच्या एका वर्कशॉपात ठाण मांडलं. त्यांना डबा एकच ठाऊक, रेल्वेचा. तेव्हा त्यांची घरगाडी आतून झाली थेट सेकंड क्लास स्लीपर. समोरासमोर दोन बर्थ, खिडकीशी घडीचं टेबल, पाण्याच्या बाटलीची जाळी, एक गॅस, मागं पडद्याआड न्हाणी. शिवाय एक साखळी. वनजाच्या बर्थपाशी लाल मुठीची साखळी, ती ओढली की ड्रायव्हरच्या कानाशी घंटा वाजायची. "तुझी हाक माझ्यापर्यंत पोचायला पाहिजे, अल्वा? नाही का?" एवढंच ते म्हणाले आणि दुसरीकडे बघू लागले.

लोकांना त्यांनी सांगितलं, काश्मीरला चाललोय. म्हैसूर ते काश्मीर, सरळ उत्तरेला. पिरियापट्टणचे अंबाजीराव, वर्कशॉपातले जुने दोस्त, मुद्दाम गाडी बघायला आले आणि म्हणाले, "अय्यो वेंकोजी, यात टीसी पण येणार काय रे?" घरात बायकोजवळ वेंकोजीरावांनी नकाशा उघडला आणि बोट ठेवत गेले. बेंगळूर. अनंतपूर. कुर्नूल. हैदराबाद. नागपूर. बोट तिथं जरा थांबलं. मग झाशी, आग्रा वगैरे त्यांनी भराभर उरकलं. वनजाला सगळं समजलं. तिनं संक्रांतीचा एळ्ळु-बेल्ला डब्यात भरून घेतला. तीळ, गूळ, खोबरं, शेंगदाणे. म्हैसुरात संक्रांतीला कुणाकडे जायचं तर हे नेतात. वेंकोजीरावांनी तो डबा बघितला आणि त्यांच्या जिवात जीव आला.

प्रवास मजेत झाला. खरंच मजेत. अनंतपूरच्या पुढे पेट्रोल पंपाच्या कडुलिंबाखाली गाडी लावून त्यांनी पहिला मुक्काम केला. वनजानं अवरेकाळूचं, म्हणजे पावट्याचं, सार केलं आणि दोघं फुटबोर्डावर ताटं घेऊन बसली. पंपावरचे लोक येऊन आत डोकावून जायचे. कुर्नूलला तुंगभद्रेच्या काठी कपडे धुतले, वाळत घातले. गावाची पाटी आली की वनजाला त्या त्या गावची बाई आठवायची. कुर्नूल सर्दीची. हैदराबाद मध्येच गाणं गुणगुणायची आणि पकडली गेली की खोकायची. ती वेंकोजीरावांचा दंड धरून, त्यांच्या कानाशी तोंड नेऊन हे सांगायची आणि ते स्टीअरिंगवर हात आपटून हसायचे. जन्मभर ज्या वाटेनं तिचा आवाज पळाला, त्या वाटेनं आता ती स्वतः चालली होती. तिला मनापासून आनंद होत होता.

पैनगंगा ओलांडून महाराष्ट्र लागला, तेव्हा वेंकोजीरावांनी गाडी बाजूला घेतली. साळुंक्यांच्या कुळातला कितीतरी पिढ्यांनी पहिलाच माणूस या भूमीवर पाय ठेवत होता. त्यांनी चपला काढल्या, माती कपाळाला लावली, नारळ फोडला. एक ट्रकवाला गाडी बिघडली समजून मदतीला थांबला, त्यालाही खोबरं मिळालं. मग ते छाती पुढे काढून शेजारच्या हॉटेलात शिरले आणि पिढ्यानपिढ्या सांभाळलेल्या मराठीत म्हणाले, "दोन कॉफी द्या की हो, स्वल्प कडक."

मालकानं एकदा त्यांच्याकडे, एकदा कर्नाटकातल्या केए नंबरच्या गाडीकडे पाहिलं आणि अदबीनं म्हणाला, "भाईसाब, कॉफी नहीं है. चाय चलेगी?"

वेंकोजीरावांचा चेहरा असा पडला की वनजाला हसू आवरेना. आवाज न करता ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. "आम्ही मराठे आहोत," ते बिचारे सांगत होते, आणि मालक "हां जी, हां जी" म्हणत चहा गाळत होता.

नागपूर तासाभरावर राहिलं, तेव्हा मात्र वनजाचं हसणं कुठल्या कुठे गेलं. ती मागं जाऊन बर्थवर बसली. जानकी नसली तर? असली आणि "कोण तुम्ही?" म्हणाली तर? आपण तोंड उघडणार, नुसता वारा बाहेर येणार, आणि ती बाई सभ्यपणे कान पुढे करून "आँ?" म्हणणार. भाजीवालीचं "आँ" तिनं सोसलं होतं. नागपूरचं सोसण्याची ताकद तिच्यात नव्हती. तिच्या कानात माझा जो आवाज आहे तो तरी शाबूत राहू दे, असं तिला वाटलं. ती पुढे आली आणि बायपासच्या फाट्याकडे बोट करून मानेनंच सांगितलं, बाहेरून घ्या.

"बेडा, नको म्हणतेस? नक्की?"

तिनं मानेनंच हो म्हटलं. वेंकोजीरावांनी हुज्जत घातली नाही. पण बायपासवरून त्यांनी गाडी अशी हळू नेली की मागून सायकलवालेसुद्धा पुढे गेले. त्यांचे कान घंटेकडे लागले होते, हे तिला दिसत होतं. तिनं साखळीकडे पाठ केली.

मनसरला एका धाब्यामागं मुक्काम पडला. सकाळी उन्हात बसून ती ज्वारीची भाकरी थापत होती, वेंकोजीराव काच पुसत होते. बेंगळूरहून चंदनाचा फोन आला, समोरासमोर दिसणारा. वेंकोजीरावांनी फोन पिठाच्या डब्याला टेकवून उभा करून ठेवला.

"अप्पा, जेवलात? थंडी आहे? अम्मा कशी आहे?"

वनजा फोनच्या अगदी समोर बसली होती.

"बरी आहे," वेंकोजीराव म्हणाले.

"गोळ्या घेते ना? तिला आवडतंय का सगळं? तिला नागपूरच्या त्या बाईंना भेटायचं होतं ना?"

"हो. म्हणजे, नाही. तिला नकोसं वाटलं," वेंकोजीराव म्हणाले. आणखी चार गोष्टी झाल्या. चंदना गुणी पोर, आईवर जीव टाकणारी. पण आईकडे बघून, आईलाच, तिनं एक शब्द विचारला नाही. तिला ते सुचलंच नाही. फोन बंद झाला आणि वनजाची तव्यावरची भाकरी करपली. पोटच्या पोरीनं आपल्याविषयी बोलावं आणि आपल्याशी बोलू नये! यात चंदनाचा काय दोष? मागच्याच्या मागच्या पाडव्याला फोन वाजत असताना गप्प बसून राहिली ती वनजाच. लोकांनी तिच्याशी बोलणं सोडायच्या आधी तिनंच सोडलं होतं. आता नागपूरलाही वळसा घालून पळून जायचं, म्हणजे मग जगात बोलायला उरलं कोण?

आवराआवर झाली, गाडी सुरू झाली, उत्तरेच्या रस्त्याला लागलीसुद्धा. आणि वेंकोजीरावांच्या कानाशी घंटा वाजली. एकदा नाही, सतत, साखळी तुटेल अशी. त्यांनी करकचून ब्रेक मारला आणि मागं वळून पाहिलं. वनजा दोन्ही हातांनी साखळी धरून उभी होती आणि दुसऱ्या दिशेला, आलेल्या वाटेकडे मान करून दाखवत होती. ते एवढी लांबलचक गाडी मागं वळवताना जन्मात कधी इतक्या आनंदानं घामाघूम झाले नव्हते.

प्रतापनगर, पाण्याची टाकी, निळं फाटक. फाटकाचा रंग मात्र आता हिरवा होता, म्हणून वेंकोजीरावांनी गल्लीला दोन फेऱ्या मारल्या. दार उघडलं एका चाळिशीतल्या बाईनं. वेंकोजीरावांनी सवयीनं तोंड उघडलं, "नमस्कार, आम्ही म्हैसूरहून..." वनजानं त्यांचा दंड घट्ट दाबला. ते थांबले. तिनं उंबऱ्याशी येऊन सगळा दम एकवटला आणि स्वतः म्हटलं, "जानकी आहेत?"

बाईनं ते कसंबसं ऐकलं. "आई आहेत ना. मी नमिता, त्यांची सून. पण काकू, तुम्हाला समोर बसून बोलावं लागेल. आईंना वर्ष होऊन गेलं, अजिबात ऐकू येत नाही. मशीनचाही उपयोग झाला नाही. जन्मभर कानाला हेडफोन होता ना त्यांच्या, त्या म्हणतात सगळं ऐकून संपलं. ओठ बघितले की मात्र नीट समजतं त्यांना."

येताना वाटेत वनजानं किती प्रकारांनी ही भेट मनात घोळवली होती, त्यात हे कुठंच नव्हतं.

मागच्या अंगणात उन्हात एक धिप्पाड, पांढऱ्या केसांची बाई हरभऱ्याची भाजी निवडत होती. वनजा तिच्यासमोर पायरीवर बसली. बाईनं मान वर केली आणि अनोळखी माणसाकडे बघतात तसं हसून पाहिलं. वनजानं ओठ हलवले. आवाज काढायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

म्हैसूर बोलतेय.

बाईचे हात भाजीत थांबले. ती वनजाच्या तोंडाकडे बघत राहिली. वनजानं पुन्हा म्हटलं.

"म्हैसूर?" आवाज तोच, जाडसर, ठसक्याचा, फक्त कान गेलेल्या माणसाचा असतो तसा फार मोठा. "म्हैसूर! अगं माय! तू एवढीशी आहेस होय?" भाजी अंगणभर सांडली. जानकीनं तिला असं कवळलं की वनजाचा चष्मा निसटला. दोघी रडल्या. दोघींपैकी कुणी रडणं लपवलं नाही.

मग जानकी बोलत सुटली. "मागच्याच्या मागच्या पाडव्याला मी केला होता ना तुला फोन. तेव्हा नुकतेच कान गेले होते, घरात कुणाला धड सांगितलंही नव्हतं. वाजून राहिला की तू उचलला, मला काय कळणार? मी म्हटलं, उचललाच असशील, तू कधी उचलत नाहीस असं झालं नाही. मी बोलून घेतलं सगळं. नातू झाल्याचं सांगितलं, गुडघ्याचं सांगितलं. दोनदा लावला. तू उचललास ना?"

वनजानं सरळ सांगून टाकलं. नाही उचलला. माझा आवाज गेलाय. मला लाज वाटली. दुसऱ्या वर्षी तुझा फोन आला नाही, तेव्हा वाटलं तू रुसलीस.

जानकीनं शब्द न् शब्द तिच्या ओठांवरून उचलला. "रुसते कायले! नमिता म्हणाली, आई, मी बोलते तुमच्या वतीनं. मीच नको म्हटलं. आपल्या दोघींत तिसरं माणूस कशाला लाइनवर?" मग ती थोडी पुढे आली आणि वनजाच्या गळ्यावरच्या व्रणाकडे बघत म्हणाली, "आणि आवाज गेला म्हणतेस, तो तुझा तुझ्याकडून गेला असेल. माझ्याकडं आहे ना. मी शेवटचा ऐकला तो तसाच आहे कानात, आता त्याच्यावर दुसरा कुणाचा चढणार नाही. तू ओठ हलवून राहिली ना आत्ता, मला तोच ऐकू येऊन राहिला. बोल तू."

वनजानं संत्र्याच्या वासापासून सुरुवात केली. कुर्नूलची सर्दी, हॉटेलवाल्याची हिंदी, चंदना, गाठ, भाजीवालीचं "आँ", साखळी, सगळं. जानकी मध्येच "हो का!" म्हणायची, मध्येच मोठ्यानं हसायची, चुकलं तर "अंहं, हे परत सांग" म्हणायची. नमितानं आतून विचारलं, "आई, एकट्याच काय बोलताय?" तिला एकीचाच आवाज ऐकू येत होता. वेंकोजीराव पडवीत खुर्ची ओढून बसले होते, आणि त्यांना कुणीही काही विचारत नव्हतं.

वनजा बोलत होती. ऊन पायरीवरून सरकून भिंतीवर गेलं तरी बोलत होती. मध्येच थांबून ती एकदा दम घ्यायला लागली, तर जानकीनं तिचा हात धरून हलवला.

"थांबू नको," जानकी म्हणाली, "मी ऐकतेय."